ना हवा, ना पंक्चर! एअरलेस टायर आपल्या कारला खरंच लागतील का?

मोबाईलवर तो व्हिडिओ एकदा तरी समोर आला असेल. कारला काळे टायर आहेत, पण बाजूने बघितलं की आरपार दिसतं. आत हवा नाही, नुसत्या वळलेल्या पट्ट्या. गाडी खिळ्यांवरून जाते, खड्ड्यातून जाते आणि टायरला काहीच होत नाही. खाली लिहिलेलं असतं, 'पंक्चरवाल्यांची दुकानं बंद होणार!' कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, 'भारतात कधी येणार?' आणि त्याला उत्तर मिळतं, 'पुढच्या वर्षी.'

गंमत म्हणजे हे 'पुढचं वर्ष' गेली वीस वर्षं पुढेच सरकतंय.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मावळातलं सुदुंबरे ही जागा तशी अगदी योग्य आहे. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पण ते तळेगाव–चाकण या औद्योगिक पट्ट्यातही येतं. एका बाजूला तळेगावची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाकणची. मधल्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर, ट्रेलर, कामगारांच्या बसेस आणि दुचाकी. खड्डे आणि कोंडी यांसाठी हा रस्ता पुणे जिल्ह्यात बदनाम आहे. ट्रकमधून पडलेले बोल्ट आणि पत्र्याचे तुकडे कुणाच्या तरी टायरची वाट बघत असतातच. आणि इथून काही किलोमीटरवर, चाकणमध्ये, ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना २०१३ पासून सुरू आहे. हीच कंपनी तिकडे जपानमध्ये बिनहवेच्या टायरवर कामही करते आहे.

बिनहवेचं चाक आधी आलं, हवा नंतर

एअरलेस टायर म्हणजे काहीतरी एकविसाव्या शतकातली भानगड आहे, असं वाटतं. पण मावळातल्या बैलगाडीचं चाक काय होतं? मध्ये तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे आणि बाहेरून तापवून बसवलेली लोखंडी धाव. हवा कुठे होती त्यात? पुढे लोखंडाच्या जागी भरीव रबर आलं. हवेचं चाक सर्वात आधी सुचलं ते स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांना, १८४० च्या दशकात. त्यांनी पेटंटही घेतलं, पण ते चाललं नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं टायर बनवलं आणि मग मात्र जगाने ते उचललं.

उचलण्याचं कारण साधं आहे. हवेइतकी स्वस्त, हलकी आणि न झिजणारी स्प्रिंग दुसरी नाही.

थोडा हिशेब बघू. माणसांसकट कारचं वजन १,४०० किलो धरलं तर प्रत्येक चाकावर साधारण ३५० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. भागाकार केला की कळतं, प्रत्येक टायर रस्त्याला साधारण दीडशे चौरस सेंटीमीटर एवढाच टेकतो. म्हणजे जवळपास तळहाताएवढा. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी अशा चार तळहातांवर उभी असते. दगड आला की हवा तिथे दबते, दगड गेला की जागेवर येते. कारमध्ये एकटे असाल तर हवा तेवढीच पुरते. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन लोणावळ्याला निघालात, तर पंपावर चार-पाच पीएसआय जास्त भरून काम भागतं. एकच टायर, पण गरजेप्रमाणे कडक किंवा मऊ करता येतो. बिनहवेच्या टायरला नेमकं हेच जमत नाही. कारखान्यातून निघताना त्याचा जो कडकपणा ठरतो, तो कायमचा.

मग हवेशिवाय वजन कोण पेलतं?

मिशेलिन या फ्रेंच कंपनीने २००५ मध्ये 'ट्वील' नावाचं चाक जगासमोर आणलं. टायर आणि व्हील एकच, म्हणून ट्वील. त्याची कल्पना बैलगाडीपेक्षा सायकलच्या चाकाच्या जवळची आहे. बैलगाडीत वजन खालच्या आऱ्यांवर दाबून बसतं. ट्वीलमध्ये रबराच्या थराखाली एक मजबूत, लवचीक कडं असतं आणि तुंबा वरच्या पट्ट्यांना जणू टांगलेला असतो. खालच्या पट्ट्या रस्त्याला टेकल्या की वाकतात, पुढे गेल्या की सरळ होतात. खड्डा आला तर त्या जास्त वाकतात, एवढंच.

फुटायला आत काही नाहीच. खिळा घुसला तरी रबराला एक भोक पडतं आणि गाडी चालू राहते.

मग अडलं कुठे? वेगात. सुरुवातीच्या ट्वीलला ताशी ८० किलोमीटरच्या पुढे थरथर आणि आवाज येऊ लागायचा. प्रत्येक पट्टी सेकंदाला कितीतरी वेळा वाकते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसंच इथे होतं. उष्णता वाढली की प्लास्टिक आणि रबराचं आयुष्य कमी होतं, शिवाय इंधनाचा काही भाग या वाकण्यातच खर्च होतो. पेट्रोलच्या गाडीत ॲव्हरेज पडतं, इलेक्ट्रिक गाडीत रेंज.

म्हणून ट्वील आधी तिथे गेलं, जिथे वेग कमी आणि पंक्चर जास्त. गवत कापायची मोठी यंत्रं, बांधकामावरचे छोटे लोडर. तिथे २०१२ नंतर ते रीतसर विकलं जातंय.

कारसाठी मिशेलिनने जून २०१९ मध्ये 'अप्टिस' दाखवलं, सोबत जनरल मोटर्स होती. काचतंतूंनी मजबूत केलेल्या पट्ट्या आणि बाहेरून नेहमीसारखं रबर. २०२४ पर्यंत प्रवासी गाड्यांत आणण्याचं लक्ष्य तेव्हा जाहीर झालं होतं. त्या व्हिडिओंमधलं '२०२४ मध्ये येणार' हे वाक्य इथूनच आलं. प्रत्यक्षात काय झालं? २०२३ मध्ये सिंगापूरला डीएचएलच्या व्हॅनना ते लागलं, फ्रान्सच्या टपाल खात्याच्या गाड्यांवरही चाचण्या झाल्या. २०२४ आलं आणि गेलं, पण कारच्या शोरूममध्ये ते आलं नाही. गुडइयरनेही टेस्ला कारवर आपलं बिनहवेचं टायर पळवून दाखवलं आहे. तेही अजून चाचणीतच.

ब्रिजस्टोनने २०११ च्या टोकियो मोटर शोमध्ये पहिला नमुना ठेवला होता. आज त्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या टायरची चाचणी जपानमध्ये कुठे होते, हे बघण्यासारखं आहे. हिगाशिओमी शहराच्या ग्रामीण भागात, वयस्कर लोकांची ने-आण करणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवर. या गाड्यांची वेगमर्यादा ताशी २० किलोमीटरहून कमी असते. कंपनीने उगाच एक्स्प्रेस वे निवडला नाही, यातच बरंच काही आलं.

तळेगाव–चाकणचा चिखल

सिंगापूरचे रस्ते आणि आपले रस्ते यांत एक मोठा फरक आहे. मावळात जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस. लोणावळ्यात तर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्त्याकडेची लाल-काळी माती, बांधकामाचा राडारोडा, बारीक खडी. आता ते आरपार दिसणारं टायर डोळ्यांसमोर आणा. पट्ट्यांच्या मधल्या खाचांत चिखल जाऊन बसला आणि वाळला तर चाकाचा तोल जाणार. अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलेल्या गाडीतसुद्धा चाकाला वीस-तीस ग्रॅमचा फरक पडला की स्टिअरिंग थरथरतं. इथे तर मूठभर चिखलाची गोष्ट आहे. वाकायच्या जागेत खडी अडकली तर पट्टी कापली जाण्याचीही भीती. बाजू झाकता येते, काही नमुन्यांत झाकलीही आहे. पण मग उष्णता बाहेर पडायची वाट कमी होते.

म्हणजे जिथे पंक्चर सर्वात जास्त होतात, तिथेच या टायरची खरी परीक्षा आहे.

तरीही 'भारतात बिनहवेचे टायर नाहीत' हे म्हणणं चूक आहे. चाकणच्या कुठल्याही मोठ्या गोडाऊनमध्ये डोकावा. पॅलेट उचलणाऱ्या बऱ्याच फोर्कलिफ्टना भरीव रबराचे 'सॉलिड टायर' असतात. फरशीवर पडलेला स्क्रू त्यांचं काही बिघडवत नाही. वेग कमी, जमीन सपाट, धक्के बसले तरी चालतात. पुण्यात २०१८ च्या सुमारास भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या होत्या, त्यांतल्या काहींनाही हवा भरायची गरज नसलेले टायर होते. ज्यांनी त्या चालवल्या, त्यांना पेडल मारताना लागणारा जोर आणि खड्ड्यातला दणका आठवत असेल.

आणखी एक उपयोग सुदुंबऱ्याशीच जोडलेला आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन इथली. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, तेव्हा याच बटालियनचे जवान तिकडे धावले. दरड कोसळलेल्या रस्त्यावर दगड, तुटलेले पत्रे, खिळ्यांची लाकडं. अशा वेळी पंक्चरसाठी थांबणं म्हणजे ढिगाऱ्याखालच्या माणसाची मिनिटं खर्च करणं. अमेरिकेत लष्करी हमवी गाड्यांसाठी मधमाशीच्या पोळ्यासारख्या टायरवर काम झालं ते याच विचाराने. तिथे आरामाला, ॲव्हरेजला दुय्यम महत्त्व असतं. गाडी पोहोचली पाहिजे, बस. एअरलेस टायर घरच्या कारआधी अशा वाहनांना शोभेल, हे पटण्यासारखं आहे.

टायर 'फुटतो' तो हवेमुळे की हवा नसल्यामुळे?

एअरलेस टायरचं आपल्याकडे एवढं आकर्षण का, याचं खरं कारण पंक्चर नाही, ती भीती आहे. मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर 'टायर फुटून अपघात' ही बातमी इतक्यांदा वाचलेली असते की सिमेंटचा रस्ता टायर फोडतो, असंच लोक मानून चालतात. त्यातूनच एक सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो. 'उन्हाळ्यात एक्स्प्रेस वेला जाताना हवा कमी ठेवा, गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो.'

हा सल्ला जीवघेणा आहे.

हवा गरम झाली की दाब वाढतो, हे खरं. पण किती? ३३ पीएसआयचा टायर ३० अंशांवरून ६५ अंशांवर गेला तर दाब पाच-साडेपाच पीएसआयने वाढतो. चांगल्या टायरला एवढी वाढ सहज झेपते, तो तसा बनवलेलाच असतो. उलट हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. मघाची वाकणारी तार आठवा. भिंत आतून तापते, थर सुटू लागतात आणि मग ती जाते. त्यात जास्तीचं सामान, जुनं झालेलं रबर आणि शंभरच्या पुढचा वेग मिळाला की काम तमाम. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

शिवाय प्रत्येक वेळी दोष टायरचाच असतो असंही नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नसल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी या महामार्गावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीमही झाली. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायर कधी बनला, हे त्याच्या भिंतीवर चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

कायदा काय म्हणतो?

भारतात कारच्या टायरसाठीचं मानक आहे आयएस १५६३३. ते लिहिलंय हवेच्या टायरसाठी. २००९ चा गुणवत्ता नियंत्रण आदेशही 'न्यूमॅटिक' टायर-ट्यूबबद्दलच बोलतो. बिनहवेच्या टायरचा दाब मोजायचा प्रश्नच नाही, मग त्याची ताकद, झीज, पट्ट्यांचा थकवा कसा तपासायचा, याच्या कसोट्या वेगळ्या लागतील. पुण्यात एआरएआय आणि भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था अशा वाहन चाचण्यांच्या मोठ्या संस्था आहेत, पण आधी मानक हवं, मग चाचणी.

किंमत हा वेगळाच विषय. साधं टायर झिजलं की तेवढंच बदलतो, रिम तीच राहते. इथे पट्ट्या आणि रिम एकमेकांना जोडलेल्या. वरचं रबर पुन्हा चढवता आलं, म्हणजे आपल्याकडे ट्रकचे टायर रिमोल्ड करतात तसं, तरच हिशेब जुळेल. कंपन्यांची बाजूही आहे. मिशेलिनच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे वीस टक्के टायर पंक्चर, मार किंवा चुकीच्या हवेमुळे वेळेआधीच भंगारात जातात. ते वाचले तर रबर वाचेल आणि जाळण्यात जाणारा कचराही.

एकूण बघता टप्प्याटप्प्याने हे येईल. आधी हळू चालणारी आणि ठरलेल्या वाटेवरची वाहनं, मग शहरातल्या डिलिव्हरी व्हॅन, आणि एक्स्प्रेस वेवर शंभरने जाणारी घरची कार सर्वात शेवटी.

तोवर एक बदल मात्र गुपचूप होऊन गेला आहे. स्टेपनी! वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून या शब्दाचा जन्म झाला, तिथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. २०२० च्या जुलैमध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट आहे, तिला स्टेपनी देण्याचं बंधन आता नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांच्या डिकीत जादा चाकाऐवजी छोटा पंप आणि चिकट द्रावणाची बाटली असते. ती खिळ्याच्या भोकाला चालते. खड्ड्याच्या काठाने टायरची बाजूची भिंत फाटली, तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. तळेगाव–चाकण रस्त्यावर नेमकं तेच होण्याची शक्यता जास्त, म्हणून नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून बघायला हरकत नाही.