मांजरसुंब्याचा फाटा आणि विम्याचा हप्ता

परवा आई-बाबांच्या आरोग्य विम्याचं रिन्युअल केलं. हप्ता बघून थोडा वेळ गप्पच बसलो. माझा जवळजवळ एका महिन्याचा पगार! आणि हे 2025 च्या सप्टेंबरात वैयक्तिक विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेल्यानंतर बरं का. बाबा म्हणाले, "एवढ्यात गावाकडं एखाद्याचं घर चालतं रे." मग डोक्यात किडा वळवळायला लागला, की विम्याच्या आधी लोक काय करायचे?

1946 साली भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांना मुकू नये. त्यासाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी दवाखाने हवेत. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथलीच. 1948 च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगारांना विमा मिळाला (ईएसआय), पण आमचा ऊसतोड मजूर त्यात नव्हता. मध्यमवर्गासाठी मेडिक्लेम आला 1986 मध्ये.

आता आमच्या मांजरसुंब्याच्या फाट्यावर या. इथून दोन रस्ते दोन उत्तरांकडे जातात. एक केजमार्गे अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेजकडे. दुखणं वाढलं की चला अंबाजोगाईला! दुसरा पाटोद्यावरून जामखेडला. तिथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. 1971 मध्ये त्या गावांत जन्मलेल्या दर हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला. विम्याशिवाय!

सरकारने पुढे विम्याचीही वाट धरली. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि 2024 च्या जुलैपासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना 5 लाखांचं संरक्षण. चांगलंच आहे. मोठ्या ऑपरेशनपायी जमीन विकायची वेळ टळते.

पण कार्ड चालतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आधीचं काय? 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती! बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत. अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं... कितीतरी जणींना वेळेवर तपासणारी नर्स, साधी औषधं आणि चार दिवस विश्रांती पुरली असती. आणि तेच मिळालं नाही.

मला वाटतं, विमा की सरकारी दवाखाना हा वादच चुकीचा मांडला जातो. विमा बिल भरतो. पण ते ऑपरेशन खरंच हवं आहे का, हे विचारणारं माणूस गावातच लागतं, आणि ते सरकारनेच नेमायला हवं.

असो. हप्ता भरला. मी भरू शकतो म्हणून.