निलगिरीचे माहेर

गेल्या सहलीत अजिंठ्याची लेणी पाहताना एका विद्यार्थ्याने मला पेचात टाकले. वाटेत गाडी थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाची एक डहाळी त्याने आणली होती. ती पुढे करून तो म्हणाला, "सर, या चित्रांत केळ आहे, आंबा आहे, अशोक आहे. मग आपली निलगिरी कुठे?" मुले हसली. पण वाचकहो, प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

यातली पुष्कळशी चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळची. त्या चित्रकारांनी निलगिरी पाहिलीच नव्हती. कारण तिचे माहेर ऑस्ट्रेलिया. कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाच्या थंड, ओल्या मुलखातून डेव्हिड नेल्सनने एका उंच वृक्षाचा नमुना नेला. त्यावरून लेरिटिए या फ्रेंच पंडिताने १७८८ मध्ये 'युकॅलिप्टस' हे नाव दिले. अर्थ 'नीट झाकलेले'; कळीवर टोपण असते म्हणून. त्याच मुलखातली दुसरी जात, 'ब्लू गम', १८४३ साली इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर लावली. तिथे ती थंडाव्यात फोफावली. जळणाला लाकूड मिळाले, पानांचे तेल निघू लागले. ते तेल बाटलीतून आपल्या घरी आले, आणि डोंगराचे नाव झाडाला चिकटले. सासरच्या नावालाच आपण माहेर समजून बसलो!

गंमत पुढेच आहे. त्या मुलाच्या हातातली डहाळी ब्लू गमचीही नव्हती. आपल्याकडच्या उन्हात ब्लू गमचा निभाव लागत नाही. इथे रस्त्याकडेला दिसते ती बहुधा टेरेटिकॉर्निस नावाची जात किंवा तिचा संकर. ओळखायचे कसे? वासावर जाऊ नका, तो दोघींनाही आहे. कळी पाहा. ब्लू गमची कळी बहुधा एकटी, खरबरीत, वर पांढुरकी मेणी झाक. फळही चांगले सुपारीएवढे. टेरेटिकॉर्निसच्या कळ्या झुपक्याने येतात, टोपण शिंगासारखे निमुळते, फळ जेमतेम वाटाण्याएवढे. ब्लू गमच्या रोपाची पाने समोरासमोर, बिनदेठाची आणि निळसर असतात, खोडही चौकोनी. झाड वाढले की येणारी पाने विळ्यासारखी लोंबू लागतात.

मुलाने डहाळी निरखली. झुपका होता. "म्हणजे सर, नावही चुकले आणि गावही!" तो म्हणाला.

इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात मला वाटते अशीच होते. नाव हा पुरावा खरा, पण तो एकटा साक्षीदार; त्याची उलटतपासणी कळी न् फळ पाहूनच करावी लागते.