'रामदास' बोटीचे स्मरण

कोकणास रेल्वे फार उशिरा मिळाली. संपूर्ण कोकण रेल्वे खुली झाली ती १९९८ साली. त्यापूर्वीच्या अनेक पिढ्यांना मुंबईचा खरा राजमार्ग म्हणजे समुद्र. चाकरमानी, त्याची वळकटी, गणपतीचे सामान, गावाकडील आंब्यांच्या करंड्या, सारे आगबोटीने ये-जा करी.

स्वदेशीच्या प्रेरणेने एतद्देशीय मंडळी या धंद्यात उतरली, तेव्हा बोटींना संतांची नावे देण्यात आली. 'तुकाराम', 'रामदास' ही नावे ऐकूनच भाविक उतारूंना धीर येत असे. परंतु समुद्र नाव पाहत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

'रामदास' १९३६ साली बांधलेली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ सरत असता, ती सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. अंतर थोडे, प्रवास नेहमीचा. तासाभरातच पाऊस व वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, भेदरलेले उतारू एका बाजूस धावले आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वाचविले.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई डोळ्यांसमोर असूनही मुंबईस ही वार्ता कळली ती सायंकाळच्या सुमारास, पोहत किनारा गाठलेल्यांच्या तोंडून. त्यानंतर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला, आणि त्या आनंदघोषात हा आक्रोश विरून गेला.

मृतांचा आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळा आढळतो. मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. आज हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे नाव उड्डाणापूर्वीच यादीत चढलेले असते. रेवसच्या उतारूची गणना मात्र नीट झाली नाही, बुडाल्यावरसुद्धा नाही. सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्याला नोंदवही रुक्ष वाटू लागते. परंतु माणसाचे नाव लिहून ठेवणे म्हणजे त्याच्या जीविताची हमी घेणे होय. राज्याने प्रवाशाला द्यावयाचे पहिले अभयवचन तेच. संताचे नाव बोटीवर रंगविल्याने ते दिले जात नाही.