ओवीचा सातबारा

पहाटेच्या जात्याची घरघर ज्यांनी ऐकली आहे, अशी माणसे मुळशी खोऱ्यात आता थोडीच उरली. कोंबडा आरवायच्या आत सासुरवाशीण उठायची, खुंट्याला हात घालायची आणि पिठाबरोबर ओवीही बाहेर पडायची. समोर दुसरी बाई बसली, की एकीची ओवी दुसरी उचलायची. तिथं पुरुषांचा वावर नसे. म्हणून माहेर, सासू, भाऊ, विठ्ठल, सगळ्यांविषयी मनातलं बोलता येई. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यावरचा भार उतरला, हे चांगलेच झाले. पण ओवीचे घर मात्र मोडले.

त्यानंतर ओवीला बिऱ्हाडे बदलावी लागली. त्या बिऱ्हाडांची ही हकिगत.

पहिले बिऱ्हाड कागदाचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८० साली पुण्यात सामाजिक संशोधनाचे एक केंद्र स्थापन केले. मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातील गरीब बायकांशी त्यांचा कामाच्या निमित्ताने संबंध आला, आणि या ओव्या म्हणजे बायकांनी स्वतः मांडलेला आपला इतिहास आहे, हे त्यांनी ओळखले. नांदगाव, कोळावडे अशा मुळशीतल्या गावांपासून ते महाराष्ट्रभर एक हजाराहून अधिक गावांतून, सुमारे दोन दशकांत, १,१०,००० हून अधिक ओव्या उतरवून घेतल्या गेल्या. मोठी गोष्ट ही, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही लिहिले गेले.

दुसरे बिऱ्हाड ध्वनिफितीचे. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते आणि संगीताचे अभ्यासक या कामात आले. १२० तासांहून अधिक गायन आणि बोलणे फितींवर उतरले.

तिसरे बिऱ्हाड संगणकाचे, आणि खरी कसोटी इथेच लागली. फीत जुनी होते, ती वाजवणारे यंत्रही मिळेनासे होते. अक्षरांचे त्याहून अवघड. त्या काळी देवनागरीच्या प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक लिपी वेगळी असे. तो संच नव्या संगणकावर नसला, की ओवीच्या जागी नुसती खरडपट्टी दिसे. म्हणून सारा मजकूर एका सर्वमान्य संकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, बदलावा लागला. पुढे फितीही संगणकात उतरवल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत या ओव्या कोणालाही वाचता, ऐकता येऊ लागल्या.

आता समजा, एखाद्या शाळेने गावातल्या आजीबाईंची गाणी भरून घेतली. काही वर्षांनी जुना संगणक थकला, गुरुजींनी त्यातली तबकडी काढून नव्या संगणकाला जोडली. गाण्यांची नावे दिसतात, पण उघडायला जावे तर उत्तर येते, ‘परवानगी नाही’. गाणं आपलं, संगणक आपला, मग परवानगी कुणाची?

याचे मूळ १९६९ साली सापडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही संगणकाची कार्यप्रणाली घडवायला घेतली. एकाच यंत्रावर अनेक जण काम करीत, तेव्हा एकाचे काम दुसऱ्याने बिघडवू नये म्हणून प्रत्येक फाइलीला मालक ठरला. मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय आणि इतरांना काय, हेही ठरले. वाचणे, लिहिणे आणि चालवणे, अशा तीन परवानग्या. फोल्डरच्या बाबतीत तिसरी परवानगी म्हणजे आत शिरण्याची मुभा.

हा फाइलीचा सातबाराच म्हणा ना! पण त्यावर नाव नसते, खातेनंबर असतो. मॅक संगणकावर पहिल्या माणसाचा नंबर बहुधा ५०१, लिनक्सवर बहुधा १०००. विंडोजमध्ये लांबलचक आकडा असतो. नव्या गावच्या तलाठ्याला जुन्या गावचा खातेनंबर काय ठाऊक? तो म्हणतो, हा इसम माझ्या दप्तरी नाही.

उपाय फेरफाराचा. जुनी तबकडी तशीच सांभाळून तिची एक नक्कल करा आणि काम नकलेवर करा. संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याच्या, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून शिरा. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथे ओनर म्हणजे मालक बदलता येतो. आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तो लागू करायला विसरू नका. आधी मालकी, मग परवानग्या. गुरुजींना वाचण्या-लिहिण्याची, मुलांना फक्त वाचण्याची. त्रासून सगळ्यांना सगळे मोकळे करू नये. नाहीतर एखाद्या पोराच्या बोटाने आजीचे गाणे कायमचे पुसले जाईल. आणखी एक: जुना संगणक चालू आहे तोवरच गाणी साध्या पेनड्राइव्हवर घेतली, तर बहुधा ही अडचण येतच नाही. नेहमीच्या फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मालकाची नोंदच राहत नाही, आणि नव्या संगणकावर जो उतरवून घेईल त्याच्या नावे नक्कल होते.

पण मंडळी, इथेच सावध राहायला हवे. यंत्र कुणालाही मालक करून टाकते. गुरुजींचे नाव चढले म्हणून गाणे गुरुजींचे होत नाही. गाणाऱ्या बाईचे नाव या सातबाऱ्यावर कुठेच नसते. ते आपणच लिहायचे असते.

‘परवानगी’ हा शब्द मुळशीला नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी इथल्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा मावळे शेतकरी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. जमीन कसणाऱ्याची संमती नव्हती, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. जमिनीचे जे झाले ते गाण्याचे होऊ नये.

म्हणून शिक्षकांना विनंती अशी. आजीचे गाणे घेण्याआधी तिला विचारा, ते कुठे आणि कोणाला ऐकवणार हे सांगा. तिचे नाव, गाव आणि तारीख फाइलीच्या नावात लिहा, शाळेच्या वहीतही लिहा. संगणक बदलत राहतील, खातेनंबर बदलतील. वहीतले नाव मात्र नव्या यंत्रालाही सांगता येईल, की हे गाणे कुणाचे.