कुंपण नसलेली फळबाग
बीकन फूड फॉरेस्टची वाटचाल

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात बीकन हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या जेफरसन पार्कला लागून, पश्चिमेकडे उतरत जाणारी सुमारे सात एकर जमीन नुसती गवताची होती. मालकी शहराच्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी पाहणाऱ्या खात्याची. 2009 साली परमाकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या शेतीच्या, अभ्यासवर्गात ग्लेन हर्लिही आणि त्यांच्या सहाध्यायांनी शेवटचा प्रकल्प म्हणून याच उतारावर ‘खाद्यवन’ आखलं. बहुतेक वर्गांचे आराखडे वर्ग संपला की कपाटात जातात. हा मात्र वस्तीसमोर मांडला गेला.

कल्पना अशी: वर अक्रोड-चेस्टनटसारखी उंच झाडं, त्याखाली सफरचंद, नासपती आणि आलुबुखार, त्याखाली ब्लूबेरी-रास्पबेरीची झुडपं आणि जमिनीलगत औषधी वनस्पती. सुपारीच्या सावलीत केळी, अननस आणि मिरवेली वाढवणारं कोकण-गोव्यातलं कुळागर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. इथे नवं होतं ते एवढंच, की जमीन सरकारी राहणार आणि फळ कुणीही तोडावं.

बीकन हिलवर चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, आफ्रिकन-अमेरिकन अशी मिश्र वस्ती. नुसत्या इंग्रजी पत्रकानं भागणार नव्हतं. कार्यकर्त्यांनी पाच भाषांत पोस्टकार्डं छापून घरोघर पाठवली, जत्रा-मेळाव्यांत टेबलं मांडली, बैठकांना दुभाषे आणले. कोणती झाडं हवीत, हे रहिवाशांना विचारलं.

पैसा टप्प्याटप्प्यानं आला. 2010 मध्ये आराखड्यासाठी महापालिकेच्या निधीतून 22,000 डॉलर मिळाले. या निधीची अट मोलाची होती: पालिका देईल त्याच्या जोडीला वस्तीनं आपला वाटा घालायचा, आणि त्या वाट्यात श्रमदानाचे तासही धरले जातात. त्यामुळे कुदळ मारणाऱ्या माणसाची सकाळ हिशेबाच्या वहीत जमा होऊ लागली. पुढे उद्यानांसाठीच्या करनिधीतून 1,00,000 डॉलर मंजूर झाले, आणि 2012 मध्ये पावणेदोन एकरांच्या पहिल्या टप्प्यावर काम सुरू झालं.

आधी जमीन तयार केली. गवतावर पुठ्ठे अंथरायचे, त्यावर कंपोस्ट आणि लाकडाच्या ढलप्या पसरायच्या. खालचं गवत कुजतं, माती सुधारते. सिॲटलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणून लागवड झाडं सुप्तावस्थेत असताना करायची आणि पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यायचं. लागवडीच्या दिवशी गर्दी सहज जमते; खरी कसोटी तण काढण्याच्या आणि छाटणीच्या दिवसांत लागते. त्यासाठी महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी श्रमदानाचा पायंडा पडला. नवखा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहून काम शिकतो.

एक शंका सुरुवातीपासून पिच्छा पुरवत होती: कुणी एकट्यानंच सगळं ओरबाडून नेलं तर? हर्लिहींचं म्हणणं साधारण असं होतं, की ब्लूबेरी संपल्या तर बाग यशस्वी झाली असं समजायचं. पहारेकरी नेमण्यापेक्षा झुडपं वाढवावीत, हा त्यातला व्यवहार. सिॲटलमध्ये 1973 पासून ‘पी-पॅच’ नावाच्या सामुदायिक बागा आहेत. त्यांत प्रत्येकाला आपला वाफा मिळतो. अशा वाफ्यांना खाद्यवनातही थोडी जागा ठेवली, पण मोठा भाग सर्वांसाठी खुलाच राहिला.

पहिल्या टप्प्यानंतर काम उतारावर पुढे सरकलं. आज हा उपक्रम ‘फूड फॉरेस्ट कलेक्टिव्ह’ ही ना-नफा संस्था चालवते. जमीन अजूनही शहराचीच आहे, झाडांचा सांभाळ स्वयंसेवकांकडे आहे, आणि फळावर हक्क सांगायला श्रमदान केलेलं असण्याचीही अट नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र टिकवायच्या तर दर महिन्याला पुरेसे हात यावे लागतात. संस्थेचं खरं भांडवल तेच.