सांतोसचे बंद दार

गिटारचे आम्हा गोवेकरांना फारसे अप्रूप नसते. लग्नात, फेस्ताला, कुणाच्या बल्कांवात, कुठेही ती दिसते. तरीही काही वर्षांपूर्वी पणजीत एका मैफलीनंतर एका परदेशी वादकाने आपली जुनी फ्लामेंको गिटार माझ्या हातात दिली, तेव्हा मी दचकलोच. सुपासारखी हलकी! वर लोखंडी चाव्या नव्हत्या, आपल्या सतारीसारख्या लाकडी खुंट्या होत्या. अंगावर लाखेचे पॉलिश; आमचे बाबा सुतार, तेही कपाटांना हेच करीत. आणि भोकाशी नाक नेले तर एवढ्या वर्षांनंतरही लाकडाचा वास!

हे लाकूड सरूचे. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचे नव्हे. हा सरू स्पेनमध्ये दफनभूमीत हमखास भेटतो. शिसवी लाकूड बोटीने यायचे, ते महाग. सरू दारचा, म्हणून स्वस्त. अंदालुसियातल्या जिप्सी आणि इतर गरीब वादकांना तोच परवडे. पण सरूची पातळ पेटी स्वर झटकन फेकते आणि झटकन सोडते. नाचणारीच्या टाचा आणि टाळ्यांच्या गदारोळात नेमके तेच हवे असते. गरिबीने निवडलेले लाकूड असे फ्लामेंकोचा आवाज होऊन बसले.

आजच्या गिटारचा घाट बसवला तो आल्मेरियाच्या आंतोनिओ दे तोर्रेसने (१८१७-१८९२). हाही मूळचा सुतारच. पोट भरेना म्हणून मध्ये काही वर्षे त्याने काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकानही चालवले! आवाजाचा जीव तबलीत असतो, हे दाखवण्यासाठी १८६२ साली त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. ती बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तबली स्प्रूसची, आतून पंख्यासारख्या बारीक पट्ट्या चिकटवलेली. ती किती पातळ करायची? त्याला ओळखणाऱ्या एका पाद्र्याने लिहून ठेवले आहे की गुपित विचारल्यावर तोर्रेसने अंगठा आणि तर्जनी दाखवली. त्या दोन बोटांना जे कळते ते मागे ठेवता येणार नाही, आपल्याबरोबरच जाईल, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ.

पुढची गोष्ट माद्रिदची. मानुएल रामिरेसच्या कारखान्यात सांतोस एर्नांदेस नावाचा कारागीर होता. आंद्रेस सेगोव्हियाची १९१२ सालची प्रसिद्ध गिटार, जी आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, ती घडवण्यात त्याचाच हात. चिठ्ठीवर नाव मात्र मालकाचे. (हे आम्हा कारकुनांना कुणी समजावून सांगायला नको.) पुढे सांतोसने स्वतःचे दुकान थाटले आणि त्याच्या फ्लामेंको गिटारींवर वादक जीव टाकू लागले. पण माणूस कमालीचा गुप्तता पाळणारा. महत्त्वाचे काम करायचे ते दार बंद करून.

१९४३ साली तो वारला. दुकानात अर्धवट गिटारी पडून होत्या. त्याच्या विधवेने मार्सेलो बार्बेरोला बोलावले. बंद दाराआड जे चालायचे ते बार्बेरोला त्या अपुऱ्या पेट्यांनी उघडून दाखवले. कुठे किती तासले, पट्टी कुठे निमुळती केली, सगळे समोर. तो मोठा कारागीर झाला आणि १९५६ मध्ये तोही अकाली गेला. त्याचा मुलगा तेव्हा लहान होता. बार्बेरोकडे शिकलेल्या आर्कान्खेल फेर्नांदेसने पुढे त्या मुलाला आपल्या दुकानात घेतले आणि त्याच्या बापाची विद्या त्याच्या हाती दिली.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा फळीवर टिचकी मारून कान लावत, रंधा फिरवत, पुन्हा टिचकी. "इकडे ये, ऐक," म्हणत. मला बी. ए.चा अभ्यास असे, नंतर ऑफिस. त्यांच्याकडे काम करणारा पोरगाही पुढे आखातात गेला.

बाबांनी शेवटी हाती घेतलेला पाळणा आमच्या माळ्यावर आहे. तीन बाजूंना रंधा मारून झालेला, चौथी तशीच. गेल्या रविवारी वर चढलो आणि त्यांच्यासारखी टिचकी मारून पाहिली. तासलेल्या फळीवर, मग न तासलेल्या. मला दोन्ही सारख्याच वाटल्या.