पुतळीच्या दोन बाजू

घरात जुनी पुतळ्यांची माळ असेल, तर तिच्यातली एक पुतळी उजेडात तिरपी धरून पाहा. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, पातळ, जेमतेम साडेतीन ग्रॅमची चकती. एका अंगाला दोन माणसं, एक उभा, दुसरा गुडघे टेकलेला, आणि दोघांच्या मधे निशाणाची काठी. दुसऱ्या अंगाला बदामी चौकटीत एक पुरुष, भोवती चांदण्या. पुतळी अस्सल असेल, तर उभा आहे तो व्हेनिसचा रक्षक संत मार्क, गुडघे टेकलेला त्या नगरराज्याचा प्रमुख म्हणजे डोजे, आणि चांदण्यांतला पुरुष येशू ख्रिस्त. नाणकशास्त्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला मी हीच जागा दाखवतो. इथे इतिहास शोधायला उत्खननाला जावं लागत नाही, तो आईच्या डब्यात असतो.

हे नाणं म्हणजे व्हेनिसचा डुकॅट. डोजे जोव्हान्नी दांदोलो याच्या काळात, १२८४ साली ते प्रथम पाडलं गेलं. एका मार्क वजनाच्या सोन्यातून ६७ नाणी, आणि सोनं जवळजवळ निर्भेळ. नेपोलियनने १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, तोवर पाचशेहून अधिक वर्षं या नाण्याचा कस आणि मूळ चित्र बदललं नाही. बदलायचं ते डोजेचं नाव. माझ्या मते त्याच्या प्रवासाचं रहस्य या हट्टी सातत्यात आहे. मिरी-मसाल्यांसाठी व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात सोनं मोजत, आणि ते तांबड्या समुद्रावाटे आपल्या किनाऱ्यापर्यंत येई. इथल्या सराफाला लॅटिन वाचता येत नव्हतं, येण्याची गरजही नव्हती. चित्र ओळखीचं असलं की कसाची खात्री असे.

लोकांनी नाव ठेवलं तेही चित्रावरूनच. आपण त्यावरच्या आकृत्यांना पुतळ्या म्हटलं. तमिळ मुलखात ती काठी ताडाच्या झाडासारखी दिसली, म्हणून ताडी काढणाऱ्या शाणारांवरून नाणं 'शाणार कासू' झालं. व्हेनिसमध्ये मात्र त्याला पुढे 'झेक्कीनो' म्हणू लागले, कारण तिथल्या टांकसाळीचं नाव झेक्का. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून, म्हणजे ठशावरून आलेला. आपला शिक्काही त्याच घरचा. इंग्रजीत कपड्यांवरच्या चमकत्या टिकल्यांना 'सीक्विन' म्हणतात, तोही याच झेक्कीनोचा वंशज. एका चकतीमागे शब्दांचं एवढं गोत निघतं, आणि हे गोत जुळवत बसण्यात मला आजही वजनकाट्याइतकाच आनंद मिळतो.

काम मात्र चिकाटीचं आहे. नाण्यावर साल नसतं, काळ ठरवायचा तो डोजेच्या नावावरून. त्यातही आल्व्हीझे मोचेनीगो या एकाच नावाचे चार डोजे होऊन गेले, १५७० ते १७७८ या दोन शतकांत. तिथे नाव वाचून भागत नाही. अक्षरांची ठेवण, झग्याच्या चुण्या, चेहऱ्याचं काम बारकाईने ताडून पाहावं लागतं. इथल्या कारागिरांनी पाडलेल्या नकला हा तर स्वतंत्र विषय आहे. त्यांत लॅटिन अक्षरांच्या उभ्या रेघा होतात, संताचे हातपाय काड्यांसारखे दिसतात. पुढच्या पुतळ्यांवर तर राम-सीता आणि लक्ष्मीही येऊन बसल्या. अशा नकलांना 'खोटं नाणं' म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांतल्या कितीतरी चांगल्या सोन्याच्या आहेत. त्या कुणाला फसवण्यासाठी घडवल्या नव्हत्या, नाणी यायची थांबली तरी माळेची हौस थांबली नव्हती म्हणून घडवल्या.

संग्राहक कडी झाळलेल्या नाण्याची किंमत कमी करतात. मी ती कडी आधी पाहतो. ती कशी बसवली आहे, कोणती बाजू वर ठेवली आहे, वर्षानुवर्षं अंगावर घासून कोणता चेहरा पुसट झाला आहे, यावरून ते नाणं चलन म्हणून किती फिरलं आणि गळ्यात किती राहिलं याचा अंदाज येतो. असला पुरावा कुठल्याही दप्तरात मिळत नाही, आणि माळ मोडीत घालून सोनं आटवलं की तो कायमचा जातो.

या अभ्यासाला सुरुवातीला एक भिंग आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पुरतो. प्रत्येक पुतळीचं वजन लिहा, दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्या, आणि ती कुणाकडून कुणाकडे आली हे घरातल्या थोरांना आजच विचारून घ्या.